आधी वाचन पाहावं, मग यंत्र घ्यावं

जोडीदाराला ई-रीडर भेट द्यावा असं मनात आलं की बहुतेक जण लगेच मॉडेलांची तुलना करायला बसतात. स्क्रीन सहा इंची घ्यावी की सात, मेमरी किती हवी, रंगीत परवडेल का, जुन्या मॉडेलवर सूट मिळतेय तर तेच घ्यावं का. यातला एकही प्रश्न गैर नाही, पण त्यांची पाळी नंतर येते. ज्याच्यासाठी घ्यायचा तो माणूस काय वाचतो आणि ती पुस्तकं या यंत्रावर कुठून येणार, हे आधी कळायला हवं. एवढं नक्की असलं तर यंत्र निवडायला अर्धा तास पुरतो. ते ठाऊक नसेल तर सगळ्यांत महागडं मॉडेलही काही महिन्यांत कपाटात जाऊन पडतं.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी 1993 मध्ये नाताळच्या भेटींवर एक शोधनिबंध लिहिला. येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, तुम्हाला मिळालेल्या वस्तूची किंमत किती असेल? आणि ती तुम्हाला स्वतःसाठी घ्यायची असती तर तुम्ही किती पैसे मोजले असते? दुसरा आकडा पहिल्यापेक्षा दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी निघाला. देणाऱ्याच्या खिशातून गेलेल्या पैशांपैकी एवढे घेणाऱ्याच्या लेखी वायाच गेले होते. लांबच्या नातेवाइकांच्या भेटींत ही तूट जास्त होती, मित्रमैत्रिणी आणि जोडीदार यांच्या भेटींत सगळ्यांत कमी. कारण उघड आहे. सोबत राहणारा माणूस रोज पाहत असतो. ई-रीडर घेताना हे पाहणंच कामी येतं, म्हणून दुकानाच्या पानाआधी घराकडे बघावं.

पंधरा दिवस नुसतं लक्ष ठेवलं तरी बरंच कळतं. उशाशी कोणतं पुस्तक आहे आणि ते पुढे सरकतंय का? वाचन मराठी आहे, इंग्रजी आहे की दोन्ही? पुस्तकं वाचनालयातून येतात, विकत घेतली जातात की व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पीडीएफ फोनवर वाचल्या जातात? वाचणं लोकलमध्ये उभ्यानं होतं की रात्री आडवं पडून? तुम्हाला झोप आली म्हणून समोरच्याला दिवा बंद करावा लागतो का? पेपर वाचताना हात हळूहळू लांब जातोय का? या शेवटच्या दोन गोष्टी किरकोळ वाटतात, पण ई-रीडर घ्यायला त्यांच्याइतकी सबळ कारणं दुसरी नाहीत. त्यांच्याकडे पुढे येऊ.

त्याआधी हे यंत्र मुळात काय आहे ते नीट समजून घेऊ. कारण ‘घरात टॅब आहे की, मग हा कशाला?’ हा प्रश्न भेट उघडल्यावर कुणीतरी विचारणारच.

फोनची आणि टॅबची स्क्रीन स्वतः उजेड टाकते. ई-रीडरची स्क्रीन कागदासारखी बाहेरून पडलेला उजेड परतवते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट यांनी हे तंत्र उभं केलं आणि त्यातूनच 1997 मध्ये ई-इंक ही कंपनी निघाली. 2009 मध्ये ती एका तैवानी कंपनीने विकत घेतली. आज किंडल, कोबो, पॉकेटबुक, बूक्स अशा वेगवेगळ्या नावांनी मिळणाऱ्या ई-रीडरांचा पडदा जवळजवळ नेहमी याच एका कंपनीचा असतो. त्यामुळे ‘कोणाची स्क्रीन चांगली’ या वादात फारसा दम नाही. त्याच पिढीच्या आणि त्याच आकाराच्या दोन काळ्यापांढऱ्या यंत्रांवरची अक्षरं जवळपास सारखीच दिसतात.

या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव असतो आणि त्यात पांढरे व काळे कण तरंगतात. पांढरे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात वापरतात त्याच पदार्थाचे. दोन्ही कणांवर एकमेकांच्या उलट विद्युतभार असतो. खालून योग्य तो विद्युतदाब दिला की काळे किंवा पांढरे कण वर येतात आणि अक्षर उमटतं. एकदा वर आलेले कण वीज काढून घेतली तरी तिथेच राहतात, आणि या यंत्राची सगळी खुबी त्यातच आहे. तुम्ही एका पानावर दहा मिनिटं थांबलात तरी पडद्याला त्या वेळात वीज लागत नाही, ती लागते पान बदलताना. म्हणून याची बॅटरी तासांत मोजत नाहीत, आठवड्यांत मोजतात. कण द्रवातून हलायला थोडा वेळ घेतात, त्यामुळे पान उलटताना पडदा क्षणभर काळापांढरा चमकतो आणि कधी आधीच्या पानाची पुसट छाया मागे राहते. फोनच्या वेगाची सवय असलेल्याला पहिल्या दिवशी हे खटकतं. भेट देताना एवढं आधीच सांगून ठेवावं, नाहीतर यंत्र बिघडलेलं आलं असा समज होतो.

अशा पडद्याचा पहिला रीडर सोनीने 2004 मध्ये जपानमध्ये आणला. अ‍ॅमेझॉनचं किंडल 19 नोव्हेंबर 2007 ला 399 डॉलरला विक्रीला आलं आणि साडेपाच तासांत संपलं. तेव्हाच्या यंत्रांना स्वतःचा दिवा नव्हता, अंधारात वाचायला वरून उजेड लागायचा. 2012 पासून पडद्याच्या कडेला बारीक दिवे बसवलेली यंत्रं आली. या दिव्यांचा उजेड पडद्यावरच्या पातळ थरातून आडवा पसरतो आणि पानावर पडून मग डोळ्यांकडे येतो. पुढे त्यात पिवळसर छटाही आली. बाजूला झोपलेल्या माणसाचा त्रास यामुळे खरोखर कमी होतो. खोलीतला दिवा बंद, रीडरचा उजेड अगदी खाली आणलेला आणि तरी पान स्वच्छ वाचता येतं. ज्या घरात एक जण दहाला झोपतो आणि दुसरा बारापर्यंत वाचतो, तिथे ही भेट दोघांनाही उपयोगी पडते.

ई-रीडरने झोप उडते असं वाचलेले लोक भेटतात. त्यामागे बहुतेक वेळा डिसेंबर 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला अ‍ॅन-मरी चँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास असतो. त्यात 12 तरुणांनी काही रात्री छापील पुस्तक वाचलं आणि काही रात्री यंत्रावर. यंत्रावर वाचलं त्या रात्री झोप लागायला सुमारे दहा मिनिटं जास्त लागली. पण वाचलेलं यंत्र आयपॅड होतं, तेही पूर्ण प्रखर ठेवलेलं आणि झोपण्याआधी चार तास. ई-इंकचा पडदा त्या प्रयोगात नव्हता. हा निष्कर्ष किंडलवर चिकटवणं बरोबर नाही. उलट जोडीदार रात्री फोनवर वाचत असेल, तर त्या अभ्यासातून ई-रीडर घ्यायचंच कारण सापडतं.

आता मूळ मुद्दा, पुस्तकं कुठून येणार.

इंग्रजी वाचणाऱ्याची काळजी फारशी नाही. जे नवं छापून येतं ते बहुधा ई-पुस्तक म्हणूनही येतं. मराठी वाचणाऱ्यासाठी मात्र नीट चौकशी करावी लागते आणि ती यंत्र घेण्याआधीच करावी. अ‍ॅमेझॉनने डिसेंबर 2016 मध्ये किंडलवर हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळम यांच्याबरोबर मराठी पुस्तकंही आणली. तेव्हापासून तिथली मराठी यादी वाढली आहे. तरीही अनेक चांगली मराठी पुस्तकं किंडलवर नाहीत. काही प्रकाशक ई-पुस्तकं काढतच नाहीत, तर काहींची फक्त बुकगंगावर मिळतात. बुकगंगाची ई-पुस्तकं त्यांच्या अ‍ॅपमध्ये वाचायची असतात. अ‍ॅप म्हटलं की अँड्रॉइड आलं, आणि साध्या किंडलवर किंवा कोबोवर बाहेरचं अ‍ॅप टाकता येत नाही. बूक्ससारखी अँड्रॉइडवर चालणारी ई-इंक यंत्रं आहेत, त्यांवर अशी अ‍ॅप टाकता येतात. पण ती महाग असतात, बॅटरीही लवकर उतरते आणि अ‍ॅप संथ पडद्याशी नेहमीच जमवून घेत नाही. ज्याला फोनची कटकट नको म्हणून ई-रीडर हवाय त्याच्या हाती असं यंत्र देणं मला पटत नाही. ज्याचं निम्मं वाचन बुकगंगावरचं आहे, त्याच्यासाठी मात्र दुसरा इलाज नाही.

तेव्हा एक साधी गोष्ट करा. जोडीदाराने गेल्या वर्षभरात वाचलेली दहा पुस्तकं आणि वाचायची राहिलेली दहा, अशी यादी करा. मग किंडलच्या दुकानात, बुकगंगावर आणि इतरत्र ती एकेक शोधा. सात-आठ किंडलवर सापडली तर प्रश्न मिटला. वीसपैकी दोनच सापडली, तर या माणसाला ई-रीडर देण्यापेक्षा तेवढ्या पैशांची पुस्तकं द्यावीत हे उत्तम. चौकशीत असंही आढळेल की अनुवाद, चरित्रं आणि लोकप्रिय कादंबऱ्या बऱ्यापैकी मिळतात. समीक्षा, जुने कवितासंग्रह, छोट्या प्रकाशनांची पुस्तकं यांचं तसं नाही.

फुकट आणि कायदेशीर मिळणाऱ्या मराठी साहित्याचा साठाही मोठा आहे. भारतात लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून 60 वर्षं कॉपीराइट चालतो. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन 2011 पासून सर्वांना खुलं आहे. हरिभाऊ आपटे, गडकरी, वि. का. राजवाडे, केतकर हे तर त्याआधीच खुले झाले. पु. ल. देशपांडे 2000 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या पुस्तकांसाठी 2060 संपेपर्यंत पैसे मोजायलाच हवेत. त्यांच्या पीडीएफ समाजमाध्यमांवर फिरतात ती चोरी आहे. अशा फायली भरून प्रेमाच्या माणसाला भेट देऊ नये. खुल्या झालेल्या पुस्तकांसाठी मराठी विकिस्रोत ही उत्तम जागा आहे, कारण तिथलं पुस्तक ईपब म्हणून उतरवून घेता येतं. ई-साहित्य प्रतिष्ठान अनेक वर्षं नव्या-जुन्या लेखकांची पुस्तकं त्यांच्या परवानगीने मोफत देत आलं आहे, पण ती मुख्यतः पीडीएफ असतात.

ईपब आणि पीडीएफ यांतला फरक मराठी वाचकाला सगळ्यांत जास्त भोगावा लागतो. ईपबमध्ये मजकूर मोकळा असतो. अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने मांडल्या जातात. पीडीएफ म्हणजे ठरलेल्या मापाचं पान. नेहमीचं मराठी पुस्तक साधारण 14 सेंटिमीटर रुंद असतं आणि सहा इंची रीडरचा पडदा जेमतेम 9 सेंटिमीटर. म्हणजे छापील अक्षर जवळजवळ दोन तृतीयांश मापाचं होऊन समोर येतं. मोठं करायला गेलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान डावीउजवीकडे सरकवत बसावं लागतं. असं पुस्तक कुणी पूर्ण वाचत नाही. पीडीएफचं रूपांतर ईपबमध्ये करता येतं म्हणतात, पण पीडीएफ स्कॅन केलेली असेल तर तिच्यात अक्षरं नसतातच, नुसती चित्रं असतात. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या मजकुराचं रूपांतर केलं की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला हाती येतो. जोडीदार संशोधन करत असेल, जुन्या ग्रंथांच्या स्कॅन प्रतींवरच ज्याचं काम चालतं असा असेल, तर सहा-सात इंची यंत्र घेऊच नका. त्याला दहा इंची लागेल. किंडल स्क्राइब दहा इंचांहून मोठं आहे, बूक्सचीही त्या मापाची यंत्रं आहेत. ती महाग आणि जड असली तरी पान पूर्ण दिसतं.

मराठी अक्षर पडद्यावर कसं दिसतं हेही पाहायला हवं. पुष्कळ देवनागरी फॉन्ट हिंदी वळणाचे असतात. त्यांतला ‘ल’ आणि ‘श’ मराठी वाचणाऱ्याला परके वाटतात. पन्नास पानं वाचल्यावर सवय होते, पण सवय का करून घ्यावी? किंडलवर 2018 पासून आपल्या आवडीचा फॉन्ट केबलने टाकता येतो, कोबोवरही येतो. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा मोफत फॉन्ट मराठी वळण सांभाळून केलेला आहे. आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ही मोफत आणि देखणा आहे. फॉन्ट टाकल्यावर एक परीक्षा घ्यावी. ‘तऱ्हा’, ‘वाङ्मय’, ‘उद्ध्वस्त’, ‘स्थिती’ असे शब्द असलेलं पान उघडावं. ‘तऱ्हा’मधला र मोडून त्याखाली हलंत दिसला, किंवा ‘स्थिती’तली पहिली वेलांटी स आणि थ यांच्या मध्ये जाऊन बसली, तर त्या यंत्राला देवनागरी नीट मांडता येत नाही असं समजावं. किंडल या बाबतीत भरवशाचं आहे. बाकीचं कुठलंही यंत्र मराठीसाठी घेताना विकत घेण्याआधी कुणाच्या तरी यंत्रावर मराठी ईपब उघडून पाहावं.

परदेशात राहणाऱ्या मराठी जोडप्यांसाठी हिशेब थोडा वेगळा आहे. तिथल्या सार्वजनिक वाचनालयांतून लिबी या अ‍ॅपद्वारे ई-पुस्तकं मोफत मिळतात. अमेरिकेत ती किंडलवर पाठवता येतात, पण कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात तशी सोय नाही. कोबोवर वाचनालयाची सोय यंत्रातच असते. टोरांटोत राहणारी बायको महिन्याला चार इंग्रजी कादंबऱ्या वाचनालयातून आणत असेल तर तिला कोबो घ्यावा. तिला किंडल दिलं तर ती प्रत्येक पुस्तक विकत घेत बसेल. किंडलची दुकानंही देशागणिक वेगळी असतात. खातं अमेरिकेचं असेल तर भारतातल्या दुकानातलं प्रत्येक मराठी पुस्तक तिथे मिळेलच असं नाही. हेही त्या वीस पुस्तकांच्या यादीनेच, पण त्या देशाच्या दुकानात शोधून कळेल.

कंपनीच्या दुकानातून घेतलेलं ई-पुस्तक तुमचं किती, यावर मी थोडा आग्रही आहे. जुलै 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑरवेल यांच्या ‘1984’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’च्या काही प्रती ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून टाकल्या. ज्याने त्या विकल्या होत्या त्याच्याकडे हक्क नव्हते. पैसे परत मिळाले, पण एका शाळकरी मुलाने पुस्तकावर केलेल्या टिपा निरुपयोगी झाल्या. जेफ बेझोस यांनी पुढे जाहीर माफी मागितली. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा विकलेली पुस्तकंही गेली, पैसे तेवढे परत दिले. 26 फेब्रुवारी 2025 पासून किंडलची विकत घेतलेली पुस्तकं संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून ठेवायची सोय अ‍ॅमेझॉनने काढून टाकली. तुमच्या स्वतःच्या फायली केबलने टाकायला अजून हरकत नाही. यामुळे किंडल घेऊच नये असं मी म्हणणार नाही, मराठी वाचकासाठी आजही सगळ्यांत सोयीचं यंत्र तेच आहे. पण जे पुस्तक जोडीदाराला आयुष्यभर जवळ हवंय ते कागदावर घ्यावं. आपल्या मालकीच्या ईपब फायली कॅलिबर या मोफत प्रोग्रॅममध्ये संगणकावर सांभाळाव्यात. कोविद गोयल या भारतीय माणसाने 2006 मध्ये, स्वतःकडच्या सोनी रीडरला संगणकाशी नीट बोलता येईना म्हणून, त्याची सुरुवात केली. आज जगभरचे वाचक तो वापरतात.

चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळचं अक्षर धूसर दिसू लागतं. बरेच लोक चष्म्याचा नंबर काढायच्या आधी वाचन कमी करतात. ‘हल्ली वेळच मिळत नाही’ असं म्हणतात आणि खरंच तसं वाटतही असतं. मराठी पुस्तकांचा टाइप पुष्कळदा बारीक असतो, त्यात कागद पिवळसर आणि मात्रा-उकार एकमेकांना भिडलेले. ई-रीडरवर हेच पुस्तक हव्या त्या अक्षरात वाचता येतं. देवनागरीला रोमनपेक्षा उंची जास्त लागते, कारण वर मात्रा-अनुस्वार-रफार आणि खाली उकार असतात. म्हणून अक्षराच्या आकाराबरोबर ओळींमधलं अंतरही एक पायरी वाढवून द्यावं. मोठ्या अक्षरात पानावर दहा-बारा ओळी मावतील आणि पान वरचेवर उलटावं लागेल, त्याने काही बिघडत नाही. यासाठी सहापेक्षा सात इंची पडदा बरा. सुटलेलं वाचन यामुळे पुन्हा सुरू झालेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. पन्नाशीच्या जोडीदारासाठी एखादीच वस्तू सुचवायची झाली तर मी हीच सुचवेन. पडद्याची घनता मात्र इंचाला 300 ठिपक्यांची घ्यावी. जुनी स्वस्त यंत्रं 167 ठिपक्यांची आहेत, त्यांवर जोडाक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात.

आता हातात धरायचं कसं ते. पाचशे पानी कादंबरी अर्धा किलोच्या आसपास भरते, किंडलचं सगळ्यांत साधं मॉडेल 158 ग्रॅमचं आहे आणि सात इंची पेपरव्हाइट 211 ग्रॅमचं. आडवं पडून वाचणाऱ्याच्या मनगटाला हा फरक पहिल्याच रात्री कळतो. लोकलमध्ये एका हाताने कडी धरून वाचणाऱ्याला पान उलटायला बटणं असलेलं यंत्र फार सोयीचं पडतं. स्पर्शाने पान उलटायला अंगठा आत न्यावा लागतो आणि धक्का बसला की दोन पानं पुढे जातात. कडेला बटणं असलेलं कोबो लिब्रा भारतात सहज मिळत नाही, बाहेरून येणाऱ्या कुणाला तरी सांगावं लागतं. बटणं असलेलं किंडल ओएसिस बंद झालं. पाण्याचा प्रश्न मुंबई-कोकणात पावसाळ्यापुरता तरी येतोच. आयपीएक्स8 असं लिहिलेलं यंत्र गोड्या पाण्यात दोन मीटर खोल तासभर टिकावं असं बनवलेलं असतं, साधं किंडल तसं नाही.

रंगीत पडदा लहान मुलांच्या आणि चित्रांच्या पुस्तकांसाठी ठीक. रंग छापील मासिकासारखे नसतात, फिकट असतात, आणि रंगाचा थर वर आल्याने काळी अक्षरंही थोड्या राखाडी पार्श्वभूमीवर दिसतात. दिवाळी अंक वाचता येतील या आशेने रंगीत घ्यायचा विचार असेल तर तो सोडावा. अंकांची मांडणी मोठ्या पानाची असते, त्याला टॅब किंवा कागदच बरा. पडद्यावर लिहायची लेखणीही सगळ्यांना लागत नाही. समासात टिपा काढत वाचणारा माणूस असेल तरच तिचे पैसे वसूल होतात.

ई-रीडरवर काय हातचं जातं तेही आधी माहीत असावं. नॉर्वेतल्या अ‍ॅन मँगन आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी 2019 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 50 तरुणांना 28 पानांची एक रहस्यकथा वाचायला दिली, निम्म्यांना छापील आणि निम्म्यांना किंडलवर. बहुतेक चाचण्यांत दोन्ही गट सारखेच निघाले. घटनांचा क्रम लावायला सांगितल्यावर आणि अमुक गोष्ट पुस्तकात कुठे होती असं विचारल्यावर मात्र किंडलवर वाचणारे मागे पडले. छापील पुस्तकात डाव्या हाताखालची वाचलेली पानं वाढत जातात आणि उजवीकडची कमी होतात, त्यातून गोष्टीतली आपली जागा बोटांना कळत राहते. ई-रीडरवर खाली फक्त टक्के दिसतात. मागे-पुढे चाळत वाचणाऱ्याला, पाककृतीचं पुस्तक ओट्यावर उघडं ठेवणाऱ्याला, कवितासंग्रह मधूनच उघडणाऱ्याला हे यंत्र फारसं भावत नाही. जुन्या पुस्तकांचा वास आणि पहिल्या पानावरची सही ज्याला हवी असते, त्याला ते दिलं तर तुम्ही त्याच्या आवडीत ढवळाढवळ करताय असंही वाटू शकतं. अशा माणसाला आधी एकदा विचारावं. भेट गुप्त राहिली नाही तरी चालेल.

यंत्र ठरलं की मागणी नोंदवताना एका गोष्टीकडे लक्ष द्यावं. किंडल ज्याच्या खात्यावरून घेतलं त्याच्याच नावाने जोडलेलं येतं. ते तसंच दिलं तर बायकोच्या रीडरवर नवऱ्याचं सगळं वाचन उघडं दिसेल आणि ती विकत घेईल त्या पुस्तकांचे पैसे त्याच्या कार्डावरून जातील. मागणी नोंदवतानाच ‘ही भेट आहे’ असं नोंदवलं तर यंत्र कोणत्याही खात्याला न जोडलेलं येतं. वाचन ही माणसाची खासगी गोष्ट आहे. लग्नाला कितीही वर्षं झाली असली तरी खातं ज्याचं त्याचं असावं.

यंत्र आल्यावर खोका लगेच बंद करून वाढदिवसापर्यंत ठेवू नये. परत करायची मुदत बहुधा थोड्याच दिवसांची असते आणि पडद्यातला दोष चालू केल्याशिवाय कळत नाही. तारखेच्या आठवडाभर आधी ते हाती पडेल अशा बेताने मागवावं. पूर्ण चार्ज करून खोलीत अंधार करावा. उजेड अगदी कमी ठेवून कडेला गडद डाग किंवा निळसर पट्टे दिसतात का ते पाहावं. केबलने मराठी फॉन्ट टाकावा, मघाचे शब्द तपासावेत. मग विकिस्रोतावरची एक-दोन ईपब पुस्तकं संगणकावरून त्यावर चढवून बघावीत. ईपब केबलने थेट टाकलं तर किंडल ते उघडत नाही. 2022 पासून सेंड टू किंडल या सोयीतून पाठवलं की चालतं, पण त्यासाठी यंत्र खात्याला जोडलेलं लागतं. म्हणून ही तपासणी आपल्या खात्यावर करून यंत्र पुन्हा कोरं करावं, म्हणजे ज्याचं यंत्र त्याला आपल्या हाताने खातं उघडता येईल. यादीतल्या न वाचलेल्या दहांपैकी एक पुस्तक भेट म्हणून विकत घेऊन ठेवायचं असेल, तर किंडलच्या दुकानात ती सोय प्रत्येक देशात नसते. ती नसेल तर पाकिटात तेवढ्या रकमेचं अ‍ॅमेझॉनचं गिफ्ट कार्ड घालावं आणि पुस्तकाचं नाव चिठ्ठीवर लिहावं.